दोन वाजून चार मिनिटं

रिक्षावर भोंगा लावून "अफवांवर विश्वास ठेवू नका" असं गल्लोगल्ली ओरडत फिरायची कल्पना आमच्या आरोग्य केंद्राच्या साहेबांची होती. मी ती मुकाट्याने मान्य केली, हा माझा मूर्खपणा. ज्यांना अफवा ठाऊक नव्हती त्यांनाही त्या दिवशी कळलं की काहीतरी अफवा आहे, आणि मग ती नेमकी काय आहे हे विचारायला बायका एकमेकींच्या दारात गेल्या. संध्याकाळपर्यंत अख्ख्या वस्तीला ती तोंडपाठ झाली. भोंग्याचं भाडं आम्हीच दिलं होतं.

अफवा अशी होती: दुपारनंतर लसीचं विष होतं, आणि उरलेलं विष आपल्या पोरांना टोचतात.

अठरा वर्षं मी या केंद्रात नर्स आहे. ताप येईल, हात सुजेल, मूल लंगडेल, असलं सगळं ऐकून झालंय. मी चिडते, भांडते आणि शेवटी टोचते. या वेळी मात्र माझ्या यादीत गोवराची लस राहिलेली बावीस बाळं होती आणि मागच्या खेपेला तीनच आली होती. खालच्या गल्लीत पाच मुलांच्या अंगावर गोवर उमटला होता. त्यातलं एक मोठ्या इस्पितळात ऑक्सिजनवर होतं आणि अजून परत आलं नव्हतं.

आणि बाविसात एक नाव आमच्याच घरचं होतं. माझ्या नणंदेची नात, अकरा महिन्यांची. सातव्या महिन्यातच जन्माला आली, तेव्हा तळहातावर मावत होती, म्हणून तिला सगळे मुंगी म्हणतात. छाती कमजोर. साधी सर्दी झाली तरी घरघर ऐकू येते. तिला गोवर झाला तर काय होईल हे मला पुस्तक न उघडता सांगता येतं, आणि म्हणून रात्री माझा डोळा लागत नव्हता. दोनदा निरोप पाठवला, "आणा तिला." दोनदा उत्तर आलं, "बघू."

बघू म्हणजे नाही. मी काय आज जन्मले?

भोंग्याच्या दुसऱ्या दिवशी मी ठरवलं, ही अफवा आली कुठून ते शोधायचं. आमच्या केंद्रातली मदतनीस मावशी म्हणाली, "सिस्टर, अफवेला आई-बाप असतात होय?" मी म्हटलं, असतात, आणि मी त्यांची खरडपट्टी काढणार आहे. पिशवी खांद्याला लावली आणि निघाले.

किराणा दुकानदार तराजूवरून नजर न काढता म्हणाला, "दोन पोरं दगावली म्हणे."

"कुठली? कुणाची?"

"ते मला काय माहीत? इस्त्रीवालीकडून ऐकलं."

इस्त्रीवाली कोपऱ्यावरच्या टपरीत उभी असते. तिचा मुलगाही यादीत होता, दहा महिन्यांचा, टपरीच्या मागे झोळीत झोपलेला. मी आल्या आल्या तोंड सोडायला गेले होते, पण ती इस्त्री आपटत म्हणाली, "दगावली-बिगावली मी म्हटलं नाही हां. तो दुकानदार एकाचे चार करतो. मी एवढंच म्हटलं, दोन वाजून गेले की लसीचं विष होतं. ते खरंच आहे."

"कुणी सांगितलं तुला?"

तिने इस्त्री उभी करून ठेवली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच वेड लागल्यासारखं विचारतेय.

"तुम्हीच की."

"मी?"

"वाचनालयाच्या व्हरांड्यात, लसीच्या दिवशी. तुमच्या नणंदेच्या सुनेला म्हणालात. मी तिथंच उभी होते, पोराला घेऊन. सगळ्यांनी ऐकलं. तुमचा आवाज काय कमी आहे का, ताई?"

आठवलं, सगळं आठवलं. दोन महिन्यांपूर्वीची दुपार. सकाळपासून चाळीस पोरं रडली होती, मी पाण्याचा घोट घेतला नव्हता, आणि सामान बांधताना सूनबाई मुंगीला घेऊन धावत आली. सव्वादोन वाजले होते. मी वळून ओरडले होते, "आत्ता येतेस? दोन वाजून गेले! आता काय विष टोचू तुझ्या पोरीला?"

आणि उरलेली बाटली सगळ्यांच्या देखत कचऱ्याच्या लाल पिशवीत टाकली होती. घरी जाऊन जेवले, झोपले, विसरले.

गंमत म्हणजे मी बोलले त्यात खोटं काही नव्हतं. गोवराच्या लसीची पूड असते, तिच्यात पाणी मिसळलं की ती चार तास टिकते. बाटलीवर आम्ही वेळ लिहितो. चार तासांनंतर त्यात जंतू वाढू शकतात, मग ती टोचली तर बाळाच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून उरलेली फेकायची, आत कितीही असो. एवढं शांतपणे सांगायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. मी ते एका वाक्यात सांगितलं, आणि तेही अशा वाक्यात. खोट्या अफवेला खोटं म्हणता येतं. या अफवेला मी काय म्हणणार होते?

इस्त्रीवाली म्हणाली, "मग आता? असं म्हणालाच नाहीत म्हणता?"

"म्हणाले," मी म्हटलं. "मीच म्हणाले."

मग तिने एक सदरा उचलला आणि पुन्हा इस्त्री फिरवायला लागली.

संध्याकाळी मी नणंदेच्या दुकानात गेले. वन्सं शिवणकाम करतात. रस्त्यावर उघडणारी एक खोली, दोन मशिनं, भिंतीला टांगलेले अर्धे शिवलेले ब्लाउज, पायाखाली चिंध्या. एका मशिनवर त्या, दुसऱ्यावर सूनबाई. वन्संच्या कानावर गेलं की ती बातमी छापून आल्यासारखीच असते, अर्धी वस्ती मापं द्यायला येते आणि मन हलकं करून जाते. सूनबाईने मला पाहिलं आणि मुंगीला उचलून आत निघून गेली. पडदा जरा जास्तच जोरात ओढला गेला.

"वन्सं, ही विषाची गोष्ट माझ्यामुळे झाली," मी उभ्या उभ्याच म्हटलं.

"मला माहीत आहे." त्यांनी दोरा दाताने तोडला. "त्या दिवशी पोरगी रडत घरी आली होती."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"तुला सांगायचं? तू कधी कुणाचं ऐकलंयस? तुझ्या लग्नात मी म्हटलं होतं, हिरवं नेस. नेसलीस?"

बावीस वर्षं झाली, ते हिरवं अजून निघतं. मी गिळलं.

"आणि तिला उशीर का झाला होता, ते विचारलंस?" वन्संचं मशीन थांबलं. "मीच बसवून ठेवली होती. बारा ब्लाउज द्यायचे होते. हुक लावल्याशिवाय उठायचं नाही म्हटलं. दोष माझा, आणि बोलणी तिने खाल्ली. तेही चारचौघांत, सासरच्या माणसाकडून."

मी पडद्याकडे पाहून हाक मारली. आतून नुसती मुंगीची घरघर ऐकू आली.

"नाही यायची ती," वन्सं हळूच म्हणाल्या. "मी म्हटलं तरी नाही. गोगलगाय आहे, पण एकदा शंखात गेली की गेली."

"वन्सं, खालच्या गल्लीत पाच झालेत. मुंगीची छाती..."

"मला काय ती नको झालीय?" त्या एकदम कडाडल्या. मग डोळे पुसायला गेल्या, त्याच हातात कात्री होती, मी तो हात धरला. आम्ही दोघी एकाच स्वभावाच्या, म्हणून आमचं पटत नाही.

तिथे बसूनच आम्ही ठरवलं. गुरुवारी लसीकरणाचं सत्र. मी सगळ्यांदेखत बाटली फोडायची, म्हणजे उघडून पाणी मिसळायचं, वेळ मोठ्याने सांगायची, आणि घड्याळ वन्संच्या मांडीवर. दुकानातलं गोल, काट्यांचं घड्याळ. माझ्या घड्याळावर कुणाचा विश्वास बसणार नव्हता, पण वन्संवर बसला असता. दिलेल्या तारखेला ब्लाउज न देणारी बाई या वस्तीत टिकतच नाही, आणि त्या तीस वर्षं टिकल्या होत्या.

साहेबांना हे कळल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. "तुम्ही कबूल करणार? लेखी तर काही देत नाही आहात ना?" मी म्हटलं, तोंडीच बोलले होते, तोंडीच निस्तरते. त्यांनी मला दोन बाटल्या दिल्या. एका बाटलीत पाच बाळांची लस. "दोनच. साठा संपत आलाय. आणि दुसरी, किमान तीन मुलं समोर असल्याशिवाय फोडायची नाही. मागच्या महिन्यात तुमची किती वाया गेली ते माहीत आहे ना? या वेळी मेमो देईन." आमच्याकडे मूल लसीवाचून राहिलं तर कुणी मेमो देत नाही, लस वाया गेली तर देतात. पण ते बोलायची ती वेळ नव्हती.

गुरुवारी सकाळी जुन्या वाचनालयाच्या व्हरांड्यात टेबल मांडलं. लसीचा निळा डबा, बर्फाच्या पिशव्या, सुया, लाल पिशवी. वन्सं स्टुलावर घड्याळ घेऊन बसल्या, मांडीवर नातू असल्यासारख्या. समोरच्या भिंतीपाशी दहा-बारा बायका उभ्या होत्या. पोरं बहुतेकींनी घरी ठेवली होती. बघायला आल्या होत्या नुसत्या. इस्त्रीवालीही होती, हात कमरेवर ठेवून.

मी काहीही पाठ केलं नव्हतं.

"विषाचं मी बोलले होते," मी म्हटलं. "या इथंच. थकले होते, रागात होते, आणि एका पोरीचा सगळ्यांसमोर अपमान केला. पण गोष्ट खरी आहे. ही बाटली फोडली की चार तास चालते. मग खराब. म्हणून आम्ही फेकतो. शिळी कुणाला टोचत नाही. तुम्ही बघा. वेळ वन्सं सांगतील."

"दहा," वन्सं म्हणाल्या. मी बाटलीवर दहा लिहिलं.

एक आजी नातवाला घेऊन पुढे आली. तिचा मुलगा खालच्या गल्लीत राहत होता, तिला समजावावं लागलं नाही. मग एक जुळी मुलं असलेली आई, पण तिने एकालाच लस देऊ दिली. "दुसऱ्याला पुढच्या वेळी," म्हणाली, "याला काय होतं ते बघते." माझ्या ओठांवर जे आलं होतं ते मी आवंढ्यासकट गिळलं. साडेअकराला एक. मग बराच वेळ कुणीच नाही. एक वाजून वीस मिनिटांनी चौथं बाळ, ज्याची आई टाचा उंचावून सगळा वेळ बाटलीवरचा आकडा वाचत होती.

पाचची बाटली. चार झाली. एक उरली.

मला ती उरलेली लस दिसत होती, बाटलीच्या तळाशी, बोटभरही नाही. मुंगीची होती ती. दुसऱ्या कुणाची असूच शकत नव्हती. मी उठत होते, बसत होते, डब्याचं झाकण तीनदा तपासलं. मावशी म्हणाली, "बसा ना, मला गरगरायला लागलंय."

दीडला वन्संनी घड्याळ मावशीकडे दिलं. "मी आणते तिला." पंधरा मिनिटांनी एकट्याच परत आल्या, धापा टाकत, आणि घड्याळ पुन्हा हातात घेतलं.

"म्हणते, मामींनी सगळ्यांसमोर हाकललं होतं. त्यांनीच यावं बोलवायला."

बरोबर होतं तिचं. तिच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं, वर चार शिव्या. पण मला उठता येत नव्हतं. लस दिल्यावर अर्धा तास बाळावर लक्ष ठेवावं लागतं, आणि चौथ्या बाळाचा अर्धा तास एक पन्नासला संपत होता. ते बाळ आपलं आईच्या पदराशी खेळत होतं, हसत होतं, त्याला कसलीच घाई नव्हती. ती पाच मिनिटं मी कशी काढली ते माझं मला माहीत.

एक पन्नासला मी त्या बाळाची नाडी पाहिली, मावशीला म्हटलं, "डबा सोडायचा नाही," आणि पळाले. या वयात, पांढऱ्या एप्रनवर, चपलेचा अंगठा तुटकाच. दुकान सात मिनिटांवर. रस्त्यावर लोक थांबून बघत होते, किराणावाला बाहेर आला. उद्या काय अफवा होईल देव जाणे, असं मनात आलंच.

सूनबाई मशिनवर होती. समोर दोन गिऱ्हाइकं मापं द्यायला बसली होती. मी दारात उभी राहिले. श्वास लागला होता, तरी आवाज माझाच होता, आवाज कमी कधी नव्हताच.

"बाळा, मी चुकले. तू पळत आली होतीस, आणि मी तुला सगळ्यांसमोर नको ते बोलले. आत्ता सगळ्यांसमोर सांगते. चल."

तिने मशीन थांबवलं नाही. शिवणीच्या टोकापर्यंत गेली, उलट टाका घातला, दोरा कापला. मग मान वर न करता म्हणाली, "मामी, त्या दिवशी मी धावत आले होते."

"माहीत आहे."

"मुंगीला नुसत्या झबल्यावर आणलं होतं. वाटेत पडता पडता वाचले."

"माहीत नव्हतं," मी म्हटलं. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत. "आता कळलं."

ती उठली. झोळीतून मुंगीला काढलं, टोपरं बांधलं, पुन्हा सोडलं, पुन्हा बांधलं. मी तिला घाई कर म्हटलं नाही. माझ्या आयुष्यात मी एवढी गप्प कधी राहिले नव्हते. मग आम्ही दोघी निघालो, आधी भरभर, नंतर सरळ धावतच.

व्हरांड्यात पोचलो तेव्हा सगळ्या बायकांच्या नजरा आमच्यावर नव्हत्या. घड्याळावर होत्या.

"किती, वन्सं?"

वन्संनी घड्याळाकडे पाहिलं, मग मुंगीकडे, मग माझ्याकडे.

"किती?"

"दोन वाजून चार मिनिटं."

मी बाटली हातात घेतली. आत एका बाळाची लस होती, थंडगार, नितळ. चार मिनिटं. कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नाही की दोनच्या ठोक्याला त्यात जंतू उड्या मारतात. वन्सं जवळ आल्या आणि माझ्या कानाशी पुटपुटल्या, "टोच ना गं. चार मिनिटांनी काय होतंय? आपल्या घरचंच लेकरू आहे." आणि खरं सांगते, माझाही हात सुईकडे गेला होता.

तेवढ्यात सूनबाई म्हणाली, हळू, पण भिंतीपर्यंत सगळ्यांना ऐकू जाईल असं:

"मामी, आता काय विष टोचणार?"

ती मुद्दाम म्हणाली की तिच्या तोंडून आपसूक गेलं, ते मला आजही माहीत नाही. तिने मुंगीला छातीशी घट्ट धरलं होतं. एक पाऊल मागेही गेली.

"नाही," मी म्हटलं. "नाही टोचणार. म्हणून तर फेकतेय."

मी बाटली वर धरली, भिंतीपाशी उभ्या असलेल्या बायकांना आतली लस दिसेल अशी, आणि लाल पिशवीत टाकली. पिशवीच्या तळाशी ती दुसऱ्या काचेवर आपटून वाजली. वन्संनी डोळे मिटून घेतले.

मग मी डब्यातून दुसरी बाटली काढली.

"सिस्टर," मावशी घाबरून म्हणाली, "तीन पोरं कुठायत? साहेब..."

"एक आहे ना? एकीसाठी फोडते. साहेबांना म्हणावं, मेमो दोन प्रतींत टाइप करा, एक मी फ्रेम करून लावते." पाणी ओढलं, मिसळलं, बाटली गोल फिरवली. "वेळ, वन्सं."

"दोन वाजून नऊ," त्या मोठ्याने म्हणाल्या. आवाज फाटला होता, पण शेवटच्या भिंतीपर्यंत गेला. पेन त्यांनीच माझ्या हातातून घेतलं आणि बाटलीवर स्वतःच्या अक्षरात लिहिलं.

मुंगी सुई लागल्यावर क्षणभर नुसती माझ्याकडे बघत राहिली, आणि मग तिच्या एवढ्याशा छातीतून असा काही टाहो निघाला की मला हसूच फुटलं. सूनबाईही हसली, रडत रडत. "मामीवर गेलीय," ती म्हणाली. वन्संनी मुंगीला घेतलं आणि घड्याळ सूनबाईच्या हातात दिलं.

मी हात पुसत होते तेव्हा भिंतीपासून एक सावली सुटली. इस्त्रीवाली टेबलापाशी आली. लाल पिशवीत वाकून बघितलं, मग नव्या बाटलीवरचा आकडा वाचला.

"ही किती वाजेपर्यंत चालेल?"

"सहा वाजून नऊ मिनिटं," सूनबाईने उत्तर दिलं, घड्याळावरून नजर न हलवता.

इस्त्रीवालीने मान हलवली, पदर खोचला आणि वळून भराभरा चालायला लागली. टपरीकडे गेली, पण टपरीत तिचं कामही असतं आणि पोरही. सत्र खरं तर दोनलाच संपतं. मावशी सामान आवरायला उठली. मी तिला खाली बसवलं आणि डब्याचं झाकण नीट लावलं. आत चार बाळांची लस होती, आणि मला तिथे सहा वाजून नऊ मिनिटांपर्यंत बसायचं होतं.